उन्हापासून वाचवलेला आंबटपणा

डिसेंबर उजाडला की थंडीच्या बातमीत दोन नावं हमखास शेजारी शेजारी छापून येतात, नाशिक जिल्ह्यातलं निफाड आणि परभणी. एकीकडे कुंदेवाडीचं गहू संशोधन केंद्र, दुसरीकडे आमचं कृषी विद्यापीठ. पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरला की दोन्हीकडचे आकडे पेपरात येतात. मी सेलू तालुक्यातली. शिक्षण परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयात झालं आणि नोकरी करते नाशिक जिल्ह्यातल्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे गावी गेले की कुणी ना कुणी विचारतंच, ‘थंडी तर दोन्हीकडं सारखीच, मग ती पांढरी वाइन तिकडंच का? आपल्याकडं का नाही?’ प्रश्न अगदी नेमका आहे. चांगली पांढरी वाइन म्हणजे काय, हे त्याचं उत्तर शोधतानाच कळतं.

थंडी सारखी असली तरी ऊन सारखं नाही. द्राक्षवेलाच्या वर्षात दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर जी नवी काडी फुटते, तिच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड त्याच उन्हाळ्यात ठरतो. नेमक्या त्या दिवसांत परभणीत पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर असतो आणि विहिरी तळाला गेलेल्या असतात. दुसरी अडचण जमिनीची. आमची काळी जमीन कापसाला, तुरीला, ज्वारीला सोन्यासारखी. पण ती पाणी धरून बसते आणि वेलाच्या मुळांना निचरा लागतो. नाशिकला दिंडोरीकडची, गंगापूर धरणाच्या बाजूची जमीन पुष्कळ ठिकाणी हलकी, मुरमाड, चढउताराची आहे. उंचीही समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, परभणीपेक्षा बरीच जास्त. फेब्रुवारीत तिथं दुपारी ऊन चटकतं, पण रात्र पडली की पुन्हा शाल लागते. द्राक्ष पिकायच्या आठवड्यांत मिळणाऱ्या या गार रात्रींवर पांढरी वाइन उभी आहे, कारण आंबटपणा त्या रात्रींमुळे टिकतो.

वाइनबद्दल बोलताना लोक गोडी विचारतात, ‘किती जुनी’ ते विचारतात, किंमत तर विचारतातच. आंबटपणाबद्दल कुणी विचारत नाही. पांढऱ्या वाइनमध्ये पहिला मान मी त्यालाच देते. लाल वाइनमध्ये सालीतून उतरलेला तुरटपणा असतो, तिचं वजन तो पेलतो. पांढऱ्या वाइनचा रस साल आणि बियांपासून लगेच वेगळा करतात, म्हणून तुरटपणाचा आधार तिला जवळजवळ नसतोच. आंबटपणा गेला की उरतं ते फळांच्या वासाचं, दारूचा चटका असलेलं, निर्जीव पाणी.

द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मॅलिक सफरचंदात भरपूर असतं. टार्टारिक मात्र फार थोड्या फळांत ठळकपणे सापडतं, आणि त्यातलं एक आपल्या घराघरात आहे: चिंच. फोडून, मीठ लावून बरणीत भरलेल्या चिंचेचा जो खोल, जिभेच्या कडांना झिणझिण्या आणणारा आंबटपणा असतो, तोच द्राक्षाचाही कणा आहे. लिंबाचा आंबटपणा वेगळा, तो चटकन येतो आणि चटकन जातो. मराठवाड्यात चिंचेच्या सारावर वाढलेल्या माणसाला हा फरक शिकवावा लागत नाही.

मणी पिकू लागला की श्वसनात मॅलिक आम्ल खर्च होत जातं. उष्णता जितकी जास्त, तितका हा खर्च जास्त. टार्टारिक त्यामानानं चिवट, पण त्यालाही मर्यादा आहे. दुसरीकडे साखर रोज वाढत असते. वाइनच्या द्राक्षात ती साधारण बावीस-तेवीस ब्रिक्सला आली की तोडणीचा विचार सुरू होतो. चार दिवस लवकर तोडलं तर वास कच्चा, चार दिवस उशिरा तोडलं तर आंबटपणा गेलेला. हंगामात आम्ही बागेत फिरून वेगवेगळ्या ओळींतले मणी गोळा करतो, चिरडतो, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकून उजेडाकडे धरतो, मग प्रयोगशाळेत आम्ल आणि पीएच मोजतो. पीएच ३.२ च्या जवळ असला की माझा जीव भांड्यात पडतो. ३.५ च्या वर गेला की वाइनमेकरचा चेहरा बघवत नाही.

तोडणी पहाटेच करायची, हा नियम. डोक्याला बॅटरी बांधलेल्या बाया आणि गडी कात्रीनं घड उतरवतात, कॅरेट भरतात आणि ऊन वर यायच्या आत ट्रॅक्टर वायनरीत पोचतो. खायचं थॉमसन किंवा सोनाका पाहिलेल्या माणसाला हे घड बघून निराशा वाटेल. मणी बारके, दाटीवाटीनं बसलेले, साल जाड, आत बिया. पण वास सालीत आणि सालीलगतच असतो, म्हणून मणी बारका असणं इथं गुण आहे. गार घड दाबयंत्रात जातात. रस बाहेर पडताना हिरवट असतो आणि हवा लागताच कापलेल्या सफरचंदासारखा तपकिरी पडू लागतो. त्याला वाचवायला केएमएस, म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, अगदी मोजून घालतात आणि रस लगेच थंड करतात. रात्रभरात गाळ खाली बसतो आणि वरचा निवळ रस आंबवायच्या टाकीत जातो.

इथंही गारवा लागतोच. लाल वाइन पंचवीस अंशांच्या पुढेमागे आंबते. पांढरी वाइन स्टीलच्या टाकीत, भोवती थंड पाणी खेळवून, बारा ते सोळा अंशांवर सावकाश आंबवतात. दोन-तीन आठवडे लागतात. घाई केली, टाकी तापू दिली, तर यीस्ट भराभर साखर खातं, कार्बन डायऑक्साइड जोरात उसळतो आणि सगळा वास बरोबर घेऊन जातो. टाक्यांच्या खोलीत घमघमाट सुटला की पाहुणे खूश होतात. आम्ही मात्र काळजीत पडतो, कारण खोलीत आलेला तो वास बाटलीत जायला हवा होता.

नाशिकची ही पांढरी वाइन फार जुनी नाही. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुले यांच्या इंडाजनं जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फसफसणारी वाइन केली आणि ती युरोपात पाठवली. नाशिकजवळ राजीव सामंत यांनी १९९७ च्या सुमारास सोविन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या दोन फ्रेंच जातींची लागवड केली, केरी डॅमस्की हा कॅलिफोर्नियाचा वाइनमेकर सल्ल्याला घेतला आणि २००० साली ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आणली. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं आणि त्यानंतर वायनऱ्यांची रांग लागली. सुलाची ती जमीन गंगापूर धरणाच्या परिसरात आहे, म्हणजे गोदावरीच्या काठालगतच. तीच नदी पुढं पैठणच्या जायकवाडीतून आमच्या जिल्ह्यात येते. गंगाखेडला तिला गंगाच म्हणतात. वरच्या धरणांतून पाणी खाली सोडायचं की तिथंच ठेवायचं यावरून नाशिक आणि मराठवाड्याचं दर दोन-चार वर्षांनी वाजतं. नाशिकच्या बागेत उभं राहून तो वाद ऐकताना माझ्या मनात दोन्ही बाजू असतात, आणि पाण्याची किंमत लावल्याशिवाय कुठल्याही बाटलीची किंमत पुरी होत नाही असं मला वाटतं.

आता ग्लासाकडे येऊ. समोर नाशिकची सोविन्यों ब्लाँ आहे, मागच्याच हंगामातली. ग्लास तळाशी रुंद, तोंडाशी निमुळता. त्यात एक तृतीयांशापेक्षा कमी वाइन. जास्त ओतली तर वास साठायला जागाच राहत नाही. पांढऱ्या कागदावर धरून पाहिली तर रंग अगदी फिका, कडेला किंचित हिरवी झाक. हा तरुणपणाचा रंग. वय वाढेल तसा तो पेंढ्यासारखा आणि पुढं सोनेरी होतो. नवी म्हणून विकलेली वाइन तपकिरीकडे झुकलेली दिसली तर तिला हवा किंवा ऊन लागलेलं आहे.

ग्लास न हलवता पहिला वास घ्यायचा. सर्वांत हलके वास तेवढ्यात कळतात. मग ग्लास गोल फिरवायचा आणि पुन्हा नाक न्यायचं. सोविन्यों ब्लाँमध्ये आधी येते ढोबळी मिरची, ताजी चिरलेली, किंवा नुकतंच कापलेलं गवत. त्यामागे पायराझीन नावाची संयुगं असतात. पाण्यात लिटरमागे ग्रॅमचे दोन अब्जांश इतकी जरी असली तरी माणसाच्या नाकाला ती कळतात. ढोबळ्या मिरचीतही तेच संयुग असतं, म्हणून हे साम्य म्हणजे मनाचा खेळ नव्हे. घडावर ऊन पडत गेलं की ती कमी होतात, म्हणून बागायतदार घडाभोवतीची पानं विरळ करतात. पण जास्त विरळली तर मणी भाजतो. किती पानं ठेवायची याची जाण हातालाच असते, ती पुस्तकातून येत नाही.

मिरचीच्या मागून येतो पेरू. पिकलेला, फोडल्यावर खोलीभर होणारा. त्याच्याबरोबर पपनसाची साल आणि कृष्णकमळाच्या फळाचा आंबटगोड वास. याला कारण थायॉल नावाची गंधकयुक्त संयुगं. बोर्डोमध्ये काम करणाऱ्या ताकातोशी तोमिनागा या जपानी संशोधकानं नव्वदच्या दशकात ती ओळखून काढली. गंमत अशी की द्राक्षात ती मोकळी नसतात, दुसऱ्या रेणूला बांधलेली असतात. द्राक्ष खाऊन पेरूचा वास येत नाही. आंबवताना यीस्ट ती बांधणी तोडतं आणि मग वास सुटतो. याच गटातला एक रेणू जास्त झाला की मांजराच्या मुताचा वास येतो. फ्रान्समध्ये हे शब्द टेस्टिंगच्या वहीत सरळ लिहितात आणि थोडा असेल तर तो दोष मानत नाहीत.

आता घोट. जरासाच घ्यायचा, तोंडभर फिरवायचा, ओठ अर्धवट उघडून थोडी हवा आत ओढायची. असं केल्यानं वास घशामागून नाकात चढतो. आपण ज्याला चव म्हणतो, ती बहुतेक या वाटेनं येते. जीभ स्वतः आंबट, गोड, खारट, कडू आणि उमामी एवढंच सांगते. चांगल्या सोविन्यों ब्लाँमध्ये आंबटपणा पहिल्या क्षणी टोचत नाही. तो मधोमध उभा राहतो, लाळ सुटते आणि फळाचा वास त्याच्यावर पसरतो. मग वाइन थुंकून टाकायची आणि मनात सेकंद मोजायचे. वास किती वेळ राहिला? दोन-तीन सेकंदांत सगळं पुसलं गेलं तर वाइन साधी. दहा सेकंदांनंतरही पपनसाची साल जाणवत असेल आणि शेवटी कडवटपणा उरला नसेल, तर ती उत्तम. मी भाव बघायच्या आधी ही लांबी बघते.

थुंकण्याचं ऐकून लोक चकित होतात. आमचं घर माळकरी. मी ही नोकरी धरली तेव्हा आईनं एवढंच विचारलं होतं, ‘पोटात तर जात नाही ना?’ मी म्हटलं, ‘नाही आई, तोंडातून परत.’ तिला ते पटलं आणि तिच्या पटण्याला माझ्या लेखी मोल आहे. हंगामात दिवसाला कितीतरी टाक्यांचे नमुने चाखायचे असतात. गिळले तर दुपारनंतर नाकही चालणार नाही आणि डोकंही. वाइन कितीही उत्तम असली तरी तिच्यातली बारा-तेरा टक्के दारू शरीराला दारूच असते, आणि जो पीत नाही त्यानं या लेखामुळे सुरू करावं असं काही कारण नाही. वाइन समजायला पिण्याची सवय लागत नाही, नाकाची लागते.

ती सवय मला परभणीत लागली. आमच्या महाविद्यालयात ‘सेन्सरी’चं प्रात्यक्षिक असायचं. छोटे आडोसे, समोर तीन पेल्यांत सरबत, दोन सारखे आणि एक वेगळा, वेगळा ओळखायचा. दिसायला सोपं, करायला घाम फोडणारं. डोळे सतत मध्ये येतात. २००१ साली बोर्डोच्या संशोधकांनी याचा सज्जड पुरावा छापला. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ जणांना त्यांनी आधी एक पांढरी आणि एक लाल वाइन दिली. पुढच्या वेळी दोन्ही ग्लासांत तीच पांढरी वाइन होती, फक्त एकीत वास नसलेला लाल रंग मिसळलेला. विद्यार्थ्यांनी त्या रंगवलेल्या पांढऱ्या वाइनचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. काही लोक हा प्रयोग ‘वाइनची चव हे सगळं थोतांड’ असं म्हणायला वापरतात. ते मला मान्य नाही. मेंदू डोळ्यांवर आधी विश्वास ठेवतो एवढंच त्यातून कळतं. म्हणून निकाल द्यायचा असेल तर लेबल झाकावं, जमल्यास काळा ग्लास घ्यावा आणि शेजारच्याचं मत ऐकायच्या आधी आपलं लिहून ठेवावं.

लिहिताना आपल्या ओळखीचे वास लिहावेत. १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या ॲन नोबल यांनी वासांचं एक चक्र तयार केलं. आत ढोबळ गट, बाहेर नेमके वास. जगभर ते वापरतात. त्यातली काही फळं आपल्यापैकी बहुतेकांनी कधी हुंगलेलीसुद्धा नाहीत. मस्कत जातीच्या वाइनमध्ये लिनॅलूल नावाचं सुवासिक संयुग असतं, तेच धण्यातही असतं. मग वहीत ‘भाजायच्या आधीचे धणे’ असं लिहिणारी मुलगी अचूकच लिहीत असते.

शेनिन ब्लाँ ही नाशिकची दुसरी मोठी पांढरी जात, मूळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली. तिचा वास सोविन्योंइतका बोलका नाही. नाशपाती, पिवळं सफरचंद, थोडा मध. मात्र तिचा आंबटपणा चिवट आहे आणि उन्हातही बऱ्यापैकी तग धरतो, म्हणून आपल्या हवेला ती जास्त मानवते असं माझं मत आहे. आपल्याकडे तिच्यात बऱ्याचदा थोडी साखर मुद्दाम राखतात, आंबवणं मधेच थांबवून. त्यात गैर काही नाही, पण साखर आणि आंबटपणा तोलात हवेत. आंबटपणा कमी पडला आणि साखर उरली की दुसऱ्या घोटाला ती चिकट लागते. तिखट जेवणाबरोबर हीच जरा गोडसर शेनिन बरी पडते. कोरडी, जास्त दारूची वाइन ठेच्याबरोबर घेतली तर तोंडात आग होते, कारण दारू मिरचीचा जाळ वाढवते. लाकडी पिंपात मुरवलेल्या पांढऱ्या वाइनला व्हॅनिला, खोबरं असे वास येतात. शार्डोने या पांढऱ्या जातीला ते शोभतात, पण सोविन्योंचा नाजूक पेरू लाकडाखाली दाबून टाकणं मला आवडत नाही.

फ्रिजमध्ये ठेवलेल्या पांढऱ्या वाइनच्या तळाशी कधी खड्यांसारखे चमकदार कण दिसतात. काच पडली असं समजून लोक बाटली फेकतात. तो टार्टारिक आम्लाचा पोटॅशियम क्षार असतो, थंडीनं वेगळा झालेला. पूर्णपणे निर्धोक. असे कण बाटलीत येऊ नयेत म्हणून वायनरीत टाकी आधीच शून्याच्या आसपास गार करून ठेवतात आणि क्षार तिथंच खाली बसवतात. टाकी रिकामी झाल्यावर भिंतींवर त्याचा पांढरा थर खरवडावा लागतो. तो चाखला तर चिंचेची आठवण होतेच.

पांढरी वाइन आठ ते बारा अंशांवर द्यावी. बर्फासारखी गार केली तर वास झोपतो, म्हणून जी वाइन फक्त अतिगारच बरी लागते तिच्यात काहीतरी लपवलेलं आहे असं समजावं. खोलीच्या तापमानाला आणली, तीही मराठवाड्यातल्या खोलीच्या, तर दारूच तेवढी पुढं येते. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. नाशिकच्या बहुतेक पांढऱ्या वाइन दोनेक वर्षांत संपवायच्या असतात. ‘जितकी जुनी तितकी चांगली’ हे त्यांना लागू नाही. लेबलवर हंगामाचं वर्ष असतं, ते वाचावं.

परभणीत किंवा नांदेड, लातूरला बाटली घ्यायची असेल तर आणखी एक पाहावं: दुकानात ती कुठं ठेवली होती. मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात काही आठवडे पडलेल्या सोविन्यों ब्लाँमधला पेरू आणि मिरची निघून गेलेली असते आणि शिजवलेल्या सफरचंदाचा वास राहिलेला असतो. बूच बाटलीच्या तोंडाबाहेर किंचित उचललं गेलेलं दिसलं किंवा झाकणाखालून चिकट ओघळ आलेला असला, तर आत उष्णतेनं वाइन फुगली होती हे नक्की. दुकानदाराला सांगून मागच्या फ्रिजमधली बाटली मागावी. नसेल तर थंडीत यावं.